कीड-मोजणीचा आकडा : वहीपासून वावरापर्यंत

भाद्रपदातील एका सकाळी कपाशीच्या वावरातील कामगंध सापळ्याची पिशवी सोडून पाहिली असता तीत गुलाबी बोंडअळीचे आठ पतंग निघतात. सर्वेक्षक वहीच्या त्या दिवसाच्या रकान्यात '८' असा आकडा मांडतो आणि पुढच्या शेताकडे वळतो. आकडा खरा आहे, डोळ्यांनी मोजून लिहिलेला आहे. परंतु वावराचा धनी बांधावर उभा राहून "साहेब, मग आता फवारायचे की थांबायचे?" असे विचारतो, तेव्हा त्या आकड्यात उत्तर सापडत नाही. हे पतंग एका रात्रीचे की चार रात्रींचे? एका सापळ्यातील की दोन सापळ्यांतील मिळून? काल किती होते? सापळ्यातील गंधाची गोळी, म्हणजे ल्युर, ताजी होती की महिना उलटून गेलेली? शेतातील बोंडे फोडून कोणी पाहिली काय? यांपैकी एकही गोष्ट वहीत नसेल, तर तो आठाचा आकडा वहीतच राहतो आणि शेतकरी शेजाऱ्याने काय केले ते पाहून पंप पाठीवर घेतो.

वेचून आणलेला कापूस म्हणजे धोतरजोडी नव्हे. सरकी निघावी लागते, कापूस पिंजावा लागतो, सूत काढावे लागते, मागावर चढवावे लागते. आकड्याचेही तसेच आहे. कृषी खात्यात दर आठवड्याला आकड्यांचे ढीग गोळा होतात. त्यांपैकी किती आकड्यांचे सूत निघते आणि किती नुसते गंजीत पडून राहतात, हा प्रश्न कार्यालयापुरता नाही. त्याचा भार अखेर शेतकऱ्याच्या खिशावर, आणि कधी कधी त्याच्या जिवावरही पडतो.

सन २००८ चा खरीप

सन २००८ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. तंबाखूवरील पाने खाणारी अळी व उंटअळ्या यांनी शेतेच्या शेते चाळणीसारखी करून टाकली. या अळ्या एका रात्रीत आकाशातून पडल्या नव्हत्या. पानावरील अंडीपुंज, जाळीदार झालेली पाने, लहान अळ्यांचे घोळके या साऱ्या खुणा कोणाच्या ना कोणाच्या दृष्टीस आधी पडलेल्या असणारच. उणीव होती ती कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, ओळीच्या एका मीटरमध्ये किती अळ्या आहेत याची नोंद वेळेवर एका ठिकाणी येऊन तिच्यावरून कोणीतरी निर्णय घेईल अशा व्यवस्थेची. जो तो आपापल्या बांधापुरता पाहत होता. जिल्ह्याचे चित्र दिसू लागले तेव्हा पाने उरली नव्हती.

या अनुभवातून सन २००९-१० मध्ये पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. तो पुढे 'क्रॉपसॅप' या आद्याक्षरी नावानेच अधिक ओळखला जाऊ लागला. सोयाबीन, कापूस, तूर व हरभरा ही त्याची आरंभीची पिके. राज्याचे कृषी खाते, कृषी विद्यापीठे आणि राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र यांनी मिळून त्याची घडी बसविली. तिचे स्वरूप थोडक्यात असे : सर्वेक्षकाने गावातील काही ठरलेली शेते आणि दर खेपेला काही नवी शेते पाहावीत, मोजलेले आकडे संगणकावर चढवावेत, तालुक्याच्या व जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी आणि विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांनी ते पाहून कोठे धोका वाढत आहे ते ओळखावे, आणि सल्ला परत गावात पाठवावा. आकडा गावातून वर जातो आणि सल्ला वरून गावात येतो, असा हा रहाटगाडगा आहे. त्याचे एक जरी गाडगे फुटके निघाले तरी पाटात पाणी येत नाही, आणि कोणते गाडगे फुटले हे दुरून दिसत नाही.

मोजणी : कोठे, किती आणि कशी

पहिले गाडगे मोजणीचे. येथे झालेली चूक पुढे कोणत्याही यंत्राने दुरुस्त होत नाही, म्हणून तिच्याविषयी अंमळ विस्ताराने लिहिणे अगत्याचे आहे.

बांधावरून चार पावले आत जाऊन हाताशी आलेली पाने पाहणे ही मोजणी नव्हे. कडेच्या ओळींतील कीड शेताच्या पोटातील किडीपेक्षा कमी किंवा अधिक असू शकते. तसेच माणसाची नजर आपोआप एक तर अगदी टवटवीत झाडाकडे जाते, नाही तर अगदी रोगट झाडाकडे. दोन्ही झाडे शेताची खरी साक्ष देत नाहीत. म्हणून कडेच्या ओळी सोडून नागमोडी चालावे, ठरावीक पावले टाकावीत आणि पाऊल जेथे थांबेल तेथील झाड पाहावे. झाड निवडण्याचे काम नजरेकडून काढून पावलांकडे सोपवायचे, एवढेच यातील मर्म होय. साताऱ्याच्या बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे व त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी शेतीतील कार्यकर्त्यांसाठी संख्याशास्त्रीय पद्धतींचा जो ग्रंथ लिहिला, तो भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केला. नमुना माणसाच्या आवडीने न निवडता यदृच्छेने निवडावा, हा त्या शास्त्राचा पायाच आहे. ग्रंथातील समीकरणे गावच्या कार्यकर्त्याला लागणार नाहीत. नागमोडी चाल मात्र लागेल.

रस शोषणाऱ्या किडींसाठी प्रत्येक झाडाची तीन पाने पाहावीत : एक शेंड्याकडचे, एक मधले व एक खालचे. पान अलगद उलटावे, कारण धसका बसताच तुडतुडे तिरके पळतात. पाहणी शक्यतो सकाळी करावी. तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांची संख्या वेगवेगळी लिहावी. 'रस शोषणाऱ्या किडी : मध्यम' अशी नोंद कोणाच्याही उपयोगाची नाही, कारण एकाचे मध्यम ते दुसऱ्याचे पुष्कळ असते.

गुलाबी बोंडअळीची मोजणी याहून अवघड आहे, कारण ही कीड लपून राहते. फुलाच्या काळात तिची खूण म्हणजे डोमकळी. पाकळ्या उमलण्याऐवजी पिळवटून मिटलेल्या राहतात आणि आत अळी असते. परंतु एकदा अळी बोंडात शिरली की तिच्या प्रवेशाचे बारीक छिद्र भरून येते, आणि बोंड बाहेरून अगदी निकोप दिसते. म्हणून एकरी वीस झाडांवरून प्रत्येकी एक, अशी पंधरा-वीस दिवसांची वीस हिरवी बोंडे तोडून फोडून पाहावी लागतात. लहान अळी पांढुरकी असते. गुलाबी रंग तिला पुढे येतो. त्यामुळे 'गुलाबी अळी दिसली नाही' म्हणून बोंड निरोगी ठरवू नये. बोंडाच्या सालीच्या आतल्या बाजूस चामखिळीसारखे उंचवटे किंवा बारीक वाट दिसली, तरी ते बोंड किडलेले धरावे.

येथे बहुधा एक लहानसा तंटा होतो. सर्वेक्षक हिरवी बोंडे तोडू लागला की शेतकऱ्याच्या पोटात कालवते. "साहेब, माझीच बोंडे का फोडता?" हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. ज्याने पदरचे बी घातले, निंदण दिले, त्याला तो विचारण्याचा हक्क आहे. त्याला हिशेब सांगावा. एका बोंडातून साधारण चार-पाच ग्रॅम कापूस निघतो. वीस बोंडांचा मिळून शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. एका फवारणीच्या औषधाचा व मजुरीचा खर्च तो स्वतःच जाणतो. बोंडे त्याच्या हाताने फोडवावीत, आणि निघालेली अळी त्याच्या तळहातावर ठेवावी. त्यानंतर पुढल्या आठवड्यात बोंडे मोजायला तो स्वतः हाक मारतो.

नोंदीविषयी दोन गोष्टी अशा, की ज्यांच्याकडे नेहमी दुर्लक्ष होते. पहिली, शून्य आणि रिकामा रकाना यांतील भेद. वीस बोंडे फोडली व एकही किडके निघाले नाही, तर '०' लिहावे. शेतावर जाणेच झाले नाही, तर रकाना रिकामा ठेवून 'पाहणी नाही' असे लिहावे. वरिष्ठांची विचारणा टाळण्यासाठी रिकाम्या जागी शून्य भरले, की न पाहिलेले शेत निरोगी शेत म्हणून तालुक्याला पोहोचते. कीड वाढत असलेल्या गावावरून नजर उचलली जाते ती अशाच शून्यांमुळे. दुसरी गोष्ट घरी बसून भरलेल्या आकड्यांची. असे आकडे ओळखू येतात. ते फार गुळगुळीत असतात. पाच शेतांत तुडतुडे दोन, दोन, दोन, तीन, दोन. पुढल्या आठवड्यात पुन्हा तेच. खऱ्या शेताची मोजणी अशी इस्त्री केलेली नसते. तथापि हा दोष केवळ सर्वेक्षकाच्या माथी मारणे न्यायाचे नाही. ज्या आकड्याचे पुढे काय होते हे त्याला कधीच कळत नाही, ज्यावरून त्याला कोणी एक प्रश्नही विचारत नाही, तो आकडा चिखल तुडवून आणण्याची उमेद किती दिवस टिकावी?

इशाऱ्याची रेषा

मोजलेला आकडा बोलका होतो तो कशाशी तरी ताडून पाहिल्यावर. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की ती इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेली की धोका पातळी, हे नदीकाठच्या मुलांनाही ठाऊक असते. पाणी ३८ फुटांवर आहे असे कोणी सांगितले, की घरातील सामान माळ्यावर चढवावे की नाही हे ज्याचे त्याला समजते. पाण्याची उंची हा आकडा. ती रेषा ठाऊक असणे हे ज्ञान.

किडींच्या बाबतीत अशी रेषा आखण्याची कल्पना १९५९ साली कॅलिफोर्नियातील चार कीटकशास्त्रज्ञांनी व्यवस्थित मांडली. शेतात कीड दिसली म्हणजे नुकसान झाले, असे नाही. थोडी कीड पीक सोसते. तिच्यावर मित्रकीटक पोसले जातात. ज्या पातळीला किडीमुळे होणारे नुकसान तिला आवरण्याच्या खर्चाइतके होते, ती आर्थिक नुकसानीची पातळी. उपाय मात्र तिच्या थोडे अलीकडे, संकेत पातळीला करावयाचा, कारण औषध आणून फवारणी होईपर्यंत कीड थांबून राहत नाही. इशारा व धोका यांमधील पाच फूट सांगलीकरांना जसे सामान हलविण्यास मिळतात, तसाच हा अवकाश आहे.

कपाशीसाठी कार्यकर्त्याने पाठ ठेवाव्यात अशा रेषा थोड्याच आहेत. तुडतुडे दर पानी दोन ते तीन. फुलकिडे दर पानी दहा. गुलाबी बोंडअळीसाठी दर सापळ्यात दर रात्री आठ पतंग, आणि तेही सलग तीन रात्री. अथवा शंभरातील दहा फुले डोमकळी. अथवा वीस हिरव्या बोंडांपैकी दोन किडकी. सापळे एकरी दोन याप्रमाणे लावावेत, आणि ल्युर किती दिवसांनी बदलावयाची ते तिच्या वेष्टनावर पाहून ती बदलल्याची तारीख वहीत लिहावी. जुन्या ल्युरच्या रिकाम्या सापळ्याने गावाला खोटा दिलासा मिळतो.

'सलग तीन रात्री' हे शब्द उगाच घातलेले नाहीत. एका रात्रीचा आकडा वाऱ्यापावसाने चढतो किंवा उतरतो. तीन रात्री तोच कल राहिला तर तो वाऱ्याचा नव्हे, किडीचा होय. आरंभी सांगितलेल्या आठ पतंगांना आता भाषा येते. काल सात होते, परवा तीन होते, तर आजच्या आठावरून फवारणी ठरत नाही. बोंडे फोडण्याची वेळ मात्र आली आहे असे ठरते.

सरासरीचा चकवा

एका गावातील चार शेते घेऊ. प्रत्येकात वीस बोंडे फोडली. पहिल्यात एक किडके, दुसऱ्यात एकही नाही, तिसऱ्यात एक, चौथ्यात सहा. ऐंशी बोंडांत आठ, म्हणजे शेकडा दहा. तालुक्याच्या तक्त्यात गावापुढे '१०' हा आकडा उमटतो, संकेत पातळी गाठली जाते आणि साऱ्या गावाला फवारणीचा संदेश जातो. वास्तविक तीन शेतांना फवारणीची गरज नाही. त्यांतील किडीचे प्रमाण शेकडा पाच किंवा त्याहून कमी आहे. चौथ्यात मात्र ते शेकडा तीस आहे, आणि तेथे एव्हाना उशीर होत आहे. उलट पहिल्या तिन्ही शेतांत एकही किडके बोंड निघाले नसते, तर सरासरी साडेसात आली असती, गाव 'सुरक्षित' ठरले असते, आणि चौथे शेत कोणाच्या नजरेस न पडता हातचे गेले असते. दोन्ही वेळा बेरीज-भागाकार बिनचूक होता.

म्हणून तालुक्याच्या अधिकाऱ्याने सरासरीच्या शेजारी सर्वांत मोठा आकडा कोणत्या शेताचा आहे तो आवर्जून पाहावा, आणि मग ज्याने मोजले त्याला विचारावे : त्या शेतात वेगळे काय आहे? उत्तर बहुधा रकान्यात नसते, माणसापाशी असते. ते शेत ओलिताचे, पूर्वहंगामी लागवडीचे आहे. त्यामुळे त्याला फुले आधी आली. शेजारच्या घराच्या मागे गेल्या वर्षीच्या पऱ्हाटीची गंजी तशीच उभी आहे, किंवा जवळच जिनिंग आहे आणि तेथील सरकीतून पतंग निघत आहेत. हे कळले की आकडा केवळ चौथ्या शेतापुरता राहत नाही. त्या शेतातून उठणारे पतंग पुढे कोणत्या वावरांत उतरतील याचा अंदाज बांधता येतो, आणि त्या वावरांच्या धन्यांना सापळे तपासण्यास सांगता येते. संगणक तक्ता मांडतो. गंजी कोणाच्या परसात आहे हे त्याला ठाऊक नसते.

वेळेचे गणित

गुलाबी बोंडअळीची अंडी चार-पाच दिवसांत उबतात, आणि बाहेर पडलेली अळी लवकरच फुलात किंवा बोंडात शिरते. एकदा ती आत गेली की फवारा सालीवर पडतो व अळी सरकीवर निश्चिंत बसते. आता कागदाचा प्रवास पाहावा. सोमवारी मोजणी झाली, बुधवारी आकडा चढविला, शुक्रवारी तो तपासला गेला, मधे सुट्टी आली, आणि पुढल्या मंगळवारी संदेश सुटला. आठ दिवस. सल्ला शास्त्रशुद्ध आहे, मात्र तो गेल्या आठवड्यातील शेतासाठी आहे.

यावरून एकाच आकड्याची कामे निरनिराळी आहेत हे ध्यानात येईल. शेतापुरता निर्णय बांधावरच व्हावा. ज्याला रेषा पाठ आहे त्या कार्यकर्त्याने वीसपैकी चार बोंडे किडकी पाहून तालुक्याच्या संदेशाची वाट पाहत बसू नये. विद्यापीठाने त्या हंगामासाठी काय सुचविले आहे ते पाहून शेतकऱ्याला त्याच दिवशी सांगावे. तोच आकडा वर जातो तो तालुक्याला चार-दोन दिवसांत पुढचे ओळखता यावे म्हणून, आणि विद्यापीठाला वर्षावर्षांचा कल पाहता यावा म्हणून. सन २०१७ नंतरच्या काही हंगामांत कापसाचे बियाणे जूनपूर्वी शेतकऱ्यांच्या हाती पडू नये असे निर्बंध राज्यात घालण्यात आले. पूर्वहंगामी कपाशीवर बोंडअळीची पहिली पिढी पोसली जाते, या जाणिवेतून ते आले होते. बांधावरचा आकडा असा लांबचाही पल्ला गाठतो. पण आजच्या शेताला त्या लांबच्या पल्ल्याचा उपयोग नाही.

सन २०१७ : माहिती होती तरीही

भारतात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली व दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले. बोंडअळ्यांचा जाच एकदम कमी झाला. शेतकऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्याबरोबर बोंडे फोडून पाहण्याची सवयही सुटली. ते स्वाभाविकच होते. पहिल्या पिढीच्या बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही, हे गुजरातेतील नोंदींवरून २०१० साली जाहीर झाले. पुढे दोन जनुकांच्या वाणांतही ती जगू लागल्याचे संशोधकांना दिसून आले. म्हणजे माहिती होती. ती अहवालांत होती, परिषदांत होती. 'बीटीवर बोंडअळी येत नाही' ही बांधावरची समजूत मात्र जागची हलली नव्हती, आणि ज्याला शंकाच नाही तो बोंड फोडीत नाही. सन २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांच्या हाती किडकी, अर्धवट उमललेली बोंडे आली तेव्हा ती समजूत गेली. ही शिकवणी फार महाग पडली.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. कारणे एकाहून अधिक होती : औषधांची मिश्रणे, अंगावर संरक्षक कपडे नसणे, डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत शिरून केलेली फवारणी. या घटनेनंतर कीड-सर्वेक्षणाकडे केवळ औषध केव्हा मारावे हे सांगणारी व्यवस्था म्हणून पाहता येणार नाही. मोजणीचा आकडा रेषेखाली असेल तेव्हा 'या आठवड्यात फवारू नका' असे ठामपणे सांगणे हेही तिचेच काम, आणि कदाचित अधिक मोलाचे. अडचण अशी की न केलेल्या फवारणीची नोंद कोणत्याच तक्त्यात होत नाही. कार्यकर्त्याने किती फवारण्या सुचविल्या याचा हिशेब मागितला जातो. किती वाचविल्या याचा मागितला जात नाही. तो मागितला जावा.

सल्ल्याची भाषा

'गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव आढळून आल्यास योग्य त्या कीटकनाशकाची योग्य त्या प्रमाणात फवारणी करावी.' असे संदेश वर्षानुवर्षे निघतात. त्यात चूक काहीच नाही, आणि उपयोगही काहीच नाही. नेमके 'योग्य' काय हेच शेतकऱ्याला हवे होते. इतक्या शेतांत इतक्या माणसांनी मोजणी करून त्याचे फलित असे निघत असेल, तर मोजणी केली नसती तरी हा संदेश लिहिता आला असता.

त्याऐवजी ग्रामपंचायतीच्या फलकावर, किंवा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, असे लिहावे : 'आज आपल्या गावातील चार वावरांत वीस-वीस बोंडे फोडली. ओढ्याकाठच्या ओलिताच्या कपाशीत सहा किडकी निघाली. बाकी तीन वावरांत मिळून दोन. ओलिताच्या व मे महिन्यात लावलेल्या कपाशीच्या धन्यांनी उद्या सकाळी आपली वीस बोंडे फोडून पाहावीत. दोन किंवा अधिक किडकी निघाल्यास भेटावे. कोरडवाहू कपाशीत आज फवारणीची गरज नाही. सापळ्यांतील पतंग रोज मोजावेत. पुढील पाहणी गुरुवारी.' यात किती मोजले, काय निघाले, कोणी काय करावे, कोणी करू नये आणि पुन्हा केव्हा पाहावयाचे, एवढे सारे आले. औषधाचे नाव सांगावयाचे ते भेटीत, शेत पाहून सांगावे. विद्यापीठाने सुचविलेले आणि ज्याच्या लेबलवर कपाशीच्या गुलाबी बोंडअळीचा उल्लेख आहे असे एकच औषध, लेबलवरील प्रमाणात. दोन-तीन औषधांची खिचडी नव्हे. फवारणाऱ्या मजुराचे हातमोजे, तोंडावरचा मास्क व पूर्ण अंगभर कपडे यांची चौकशी त्याच भेटीत व्हावी.

अशा फलकाचा आणखी एक परिणाम होतो. ज्याच्या वावरातील बोंडे फोडली त्याला आपल्या बोंडांचे काय झाले ते कळते, आणि न मोजलेल्या वावरांचे धनी आपण होऊन मोजू लागतात. शेतीशाळेत आलेल्या स्त्रिया या कामात विशेष तरबेज ठरतात. कापूस वेचणारे हात त्यांचे असतात, आणि डोमकळी कोणत्या ओळीत अधिक आहे हे वहीच्या आधी त्यांना ठाऊक असते. त्यांना विचारल्यावाचून पाहणीस आरंभ करू नये.

वहीतील दोन जादा रकाने

सर्वेक्षणाच्या नमुन्यात तारीख, शेत, कीड व संख्या यांचे रकाने असतात. गावच्या कार्यकर्त्याने आपल्या स्वतःच्या वहीत आणखी दोन आखून घ्यावेत : 'काय सांगितले' आणि 'पुढे काय झाले'. ज्या वावरात फवारणी सुचविली तेथे ती झाली काय, केव्हा झाली, आणि आठवड्याने पुन्हा फोडलेल्या वीस बोंडांत किती किडकी निघाली. ज्याला थांबण्यास सांगितले त्याचे पीक कसे राहिले. पहिल्या वर्षी या रकान्यांतून फारसे हाती लागणार नाही. दोन-तीन हंगाम गेल्यावर मात्र त्या गावात कोणत्या शिवारात पतंग आधी येतात, कोणत्या वेळचा सल्ला लागू पडला आणि कोणता फसला, हे त्या वहीइतके नेमके इतरत्र कोठेही सापडणार नाही. कार्यकर्त्याची बदली झाली की ही वही त्याच्या पिशवीतून जाऊ नये; नव्या माणसाच्या हाती पडावी, आणि शक्य तर दोघांनी ती घेऊन एकदा शिवारफेरी करावी.

हंगाम सरल्यावर वहीला एक शेवटची नोंद लागते. डिसेंबरनंतर फरदड कोणी ठेवली आहे, पऱ्हाटी कोणी उपटली आणि कोणाची अजून उभी आहे, आणि उपटलेल्या पऱ्हाटीच्या गंज्या कोणाच्या परसात आहेत, ही यादी त्या पानावर करावी. पुढल्या वर्षी सापळे लावताना पहिले दोन सापळे कोठे लावावयाचे ते याच पानावर पाहावयाचे असते.